वाटवेबाईंच्या घरची पडताळणी

वाटवेबाईंचा डावा पाय वर्षातून एकदाच दुखायचा, तो चैत्रात. पेठेतल्या वाचनालयाच्या दारावर 'पडताळणीसाठी बंद' अशी पाटी लागली की दुसऱ्याच दिवशी बाई घोट्याला पट्टी बांधून खुर्चीत बसलेल्या असायच्या. बाकीचे महिने याच पायानं त्या रंकाळ्यापर्यंत फिरून यायच्या, मंडईत मेथीच्या जुडीसाठी हुज्जत घालत उभ्या राहायच्या, जिना चढून गच्चीत पापड वाळत घालायच्या. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "उन्हाचं वाढतं." उन्हानं वाढणारं पायाचं दुखणं त्यांच्याशिवाय अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला नसावं. पण श्यामला वाटवे म्हणजे नगरपालिकेच्या शाळेत जन्म काढलेल्या बाई. त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

पहिल्या वेळी मात्र पाय खरोखरच मोडला होता. साल शहात्तर. बाई आदल्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. न्हाणीघरात पाय घसरला, घोट्याजवळ हाड चिरलं, पायाला प्लॅस्टर चढलं. दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात त्या एकट्याच होत्या. धाकटा भाऊ त्र्यंबक, ज्याला त्यांनी स्वतःच्या पगारातून शिकवला, तो भोपाळला नोकरीला होता. त्याचं पत्र दिवाळीला यायचं. पाय मोडल्याचं कळवलं तेव्हा त्यानं 'काळजी घे' असं उलटटपाली लिहिलं. आता काळजी घ्यायची म्हणजे काय करायचं, हे काही त्यानं लिहिलं नव्हतं. लग्नाचं म्हणाल तर तिशीच्या आत काही जण बघून गेले होते, कळवतो म्हणाले होते, आणि कुणीच कळवलं नव्हतं. बाईंनी त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. शाळा होती, त्र्यंबक होता, दिवस भरलेले होते. पुढं त्र्यंबक भोपाळला गेला, शाळा संपली, आणि मग लक्षात आलं की आपल्याशी बोलायला कुणी उरलंच नाही.

तर त्या वर्षी वाचनालयाची पडताळणी निघाली. त्या काळी पडताळणी म्हणजे वाचनालयात लगीनघाई असायची. बाहेर गेलेली सगळी पुस्तकं आत यायची, आणि मग एकजण कपाटापाशी उभा राहून पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर पुकारायचा. दुसरा टेबलाशी मोठी वही उघडून बसायचा आणि नंबर मिळाला की "हजर" म्हणून खूण करायचा. हे काम एकट्यानं करायचं नाही असा नियमच होता. एकट्यानं केलं की माणूस न बघताच खुणा करत सुटतो, हे जुन्या मंडळींना अनुभवानं माहीत होतं. आणि जे सभासद आजारी, म्हातारे, ज्यांना येणं होत नाही, त्यांच्या घरी वाचनालयाचा शिपाई रबरी शिक्का घेऊन जायचा. पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मागच्या पुठ्ठ्याच्या आत जांभळा शिक्का मारायचा आणि पुस्तक तिथंच ठेवून परत यायचा.

शिपाई होता पिराजी. पस्तिशीचा, काळासावळा, दणकट गडी. आवाज असा, की तालमीतून हाक मारली तर तळ्यावरच्या म्हशी वळून बघतील. त्यानं शिक्क्याच्या मुठीनं दार ठोकलं.

"बाई हायत का घरात? वाचनालयातनं आलोय. पुस्तक बघायचं हाय."

बाईंनी प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवूनच त्याला आत बोलावलं. पिराजी समोरच्या खुर्चीत टेकला. त्र्यंबक गेल्यापासून त्या खुर्चीत वर्तमानपत्रांची रद्दी सोडून कुणी बसलं नव्हतं. पिराजीनं रद्दी उचलून खाली ठेवली, पुस्तक मांडीवर घेतलं, पान उलटलं आणि भर दुपारी सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असा नंबर पुकारला.

बाई दचकल्या. "अरे, काय झालं?"

"हजर म्हणा की बाई."

"मी?"

"मग कोन? दोघं लागत्यात न्हवं. एकानं पुकारायचं, एकानं हजर म्हणायचं. रूल हाय."

बाई म्हणाल्या, "हजर." आवाज जरा चिरकाच निघाला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी घेतली होती. त्यांच्या समोर उभं राहून कुणी पुकारलंय आणि उत्तरासाठी थांबलंय, असं कधी झालंच नव्हतं. त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांचं त्यांनाच लाजल्यासारखं झालं, आणि ते झाकायला त्यांनी पिराजीला म्हटलं, "स्टोव्हवर आधण ठेव. मी सांगते तसा चहा कर, तूही घे."

चहाबरोबर बाई बोलायला लागल्या. शाळेतल्या तपासनीसाची गोष्ट सांगितली, त्र्यंबकला लहानपणी गोवर निघाला होता ती सांगितली, पायाचं हाड कसं चिरलं ते तर दोनदा सांगितलं. पिराजी "व्हय की बाई", "आता बघा", "मग काय तर" असं म्हणत राहिला. तो गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं की घसा कोरडा पडलाय. बोलून बोलून घसा दुखायची त्यांची सवय शाळेबरोबरच संपली होती. त्या दिवशी त्यांना तो दुखरा घसाही आवडला.

पुढच्या वर्षी पाय ठणठणीत होता. पण पाटी लागली आणि बाईंनी घोट्याला पट्टी बांधली. दर चैत्रात तेच चालू झालं. आठ दिवस आधी खुर्चीची गादी उन्हात पडायची. रवा चाळून ठेवायचा, गूळ किसायचा, आणि पिराजी यायच्या दिवशी सांज्याच्या पोळ्या व्हायच्या. खालच्या मजल्यावर राहणारी मालकीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, तिच्या नजरेतून हे सुटणार होतं थोडंच? जिन्यातून वर तोंड करून ती विचारायची, "बाई, पाय दुखतोय म्हणताय, आन् सकाळधरनं स्टोव्हपाशी उभ्या हायसा. त्यो पाय येगळा का ह्यो?"

बाई ऐकू न आल्यासारखं करायच्या. कानाला काही झालं नव्हतं त्यांच्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढीच बोलायची हौस होती तर वाचनालयात जाऊन बोलावं. बाई दर आठवड्याला वाचनालयात जात होत्याच. पण तिथं भिंतीवर 'शांतता राखा' असा बोर्ड, आणि त्याच्याच खाली स्टुलावर पिराजी. तिथला पिराजी वेगळा. पुस्तक घ्यायचा, पुस्तक द्यायचा, मान हलवायचा. तिथं शिंकायचीही चोरी होती. गल्लीत बोलायचं तर अक्काशी, आणि अक्का दुसऱ्याला बोलू द्यायची नाही. म्हणून ती चैत्रातली एक दुपार. तेवढी एक दुपार पुढचं वर्षभर पुरवून पुरवून वापरायची असा बाईंचा हिशेब होता. आता पिराजी आला तर त्याला हे सांगायचं, असं मनाशी म्हणत त्या कितीतरी गोष्टी साठवून ठेवायच्या. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला त्यांनी कसा धरला, ते सांगायला तर त्या सहा महिने थांबल्या होत्या.

आणि एक गोष्ट इथंच सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इतक्या वर्षांत बाईंनी पिराजीला त्याच्याबद्दल कधी काही विचारलं नाही. तो कुठला, त्याच्या घरी कोण, काही नाही. वाईट मनानं नव्हे. सांगण्याच्या भरात राहूनच गेलं. उपाशी माणूस ताटावर बसला की शेजारच्या पानाकडं बघत नाही, तसं झालं ते.

एक्क्याऐंशी साली वाचनालयाला नवीन चिटणीस मिळाले. दत्तोपंत. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, मुंबईत मुलाकडं राहून तिथल्या मोठ्या ग्रंथालयातली नवी पद्धत बघून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण आरडाओरडा त्यांना खपत नसे. त्यांनी पहिल्याच सभेत पुकारणं बंद केलं. प्रत्येक पुस्तकात छापील चिठ्ठी घालायची, चिठ्ठ्या गोळा करून नंबरवार लावायच्या, झाली पडताळणी. तोंड उघडायचं कामच नाही. आणि ज्यांना येणं होत नाही अशा सभासदांना जोडकार्ड जायचं. अर्ध्यावर सूचना, अर्धं उत्तराला.

बाईंना कार्ड आलं. 'आपल्याकडील पुस्तकाचा दाखल नंबर सोबतच्या कार्डावर लिहून टपालात टाकावा. यापुढे घरभेट देण्यात येणार नाही.'

बाईंनी ते उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं, मग घड्याळामागं खोचून ठेवलं. रवा चाळून झाला होता. गादीला ऊन देऊन झालं होतं. पुस्तकही घरात आणून ठेवलं होतं, मधमाश्या कशा पाळाव्यात याबद्दलचं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मधमाश्या कोण पाळतं? पण वाचनालय बंद व्हायच्या दिवशी घाईत जे हाताला लागलं ते बाईंनी उचललं होतं. पडताळणीला घरात पुस्तक असल्याशी मतलब.

दोन दिवस त्या घड्याळाकडं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी कार्ड काढलं आणि मुलांना कित्त्याला घालून देत असत तसल्या सुरेख अक्षरात उत्तर लिहिलं : 'पुस्तक सापडत नाही.'

पोरांच्या खोटेपणाला छडी मारणाऱ्या बाई. स्वतः जाऊन ते कार्ड पेटीत टाकून आल्या. घरी येऊन त्यांनी मधमाश्यांचं पुस्तक कुठं ठेवावं म्हणून चार जागा बघितल्या आणि शेवटी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाला खुपसलं. वर पीठ सारखं केलं. पुस्तकाला कागद गुंडाळायचंही सुचलं नाही त्यांना.

हरवलेलं पुस्तक शोधायला चिटणिसांनी पाठवलेला पिराजी आला. शिक्क्याच्या मुठीनंच दार ठोकलं, शिक्का आता लागत नसला तरी. खांद्याला एक फुगलेली कापडी पिशवी होती, ती त्यानं दारातच ठेवली.

"काय बाई, मधमाशा उडाल्या व्हय?"

"अरे, इथंच कुठंतरी होतं बघ. डोळ्यांसमोर होतं," बाई म्हणाल्या. आणि लगबगीनं चहा ठेवायला गेल्या.

पिराजीनं शोधायला घेतलं ते अगदी मनापासून. ट्रंक ओढली, खाट सरकवली, माळ्यावर चढला. माळ्यावरून त्यानं एकेक वस्तू खाली द्यावी आणि बाईंनी तिची गोष्ट सांगावी, असं चाललं. त्र्यंबकचं लहानपणचं लोकरीचं टोपडं निघालं. शाळेची फुटकी घंटा निघाली. निरोपसमारंभात मिळालेली, कधीच न वापरलेली शाल निघाली. बाईंना पाय दुखतोय हे सोंग आणायचंही भान राहिलं नाही. कितीतरी वर्षांत त्यांच्या घरात एवढी उलथापालथ, एवढी धूळ, एवढा आवाज झाला नव्हता. घर भरल्यासारखं वाटत होतं त्यांना.

मधेच पिराजी विचारायचा, "किती वाजलं बाई?"

त्याला चहाची तलफ आली असेल असं समजून बाई पुन्हा आधण ठेवायच्या. पोळ्या वाढल्या तेव्हा त्यानं एकच खाल्ली आणि एक कागदात बांधून मागून घेतली. बायकोपोरांना नेत असेल, असं त्यांना वाटलं. दिवस कलला तसा तो हात झटकून उठला.

"आज काय घावत न्हाय. उद्या येतो."

उद्या येतो. बाईंना रात्री झोपताना तेवढे दोनच शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिले. पिठाच्या डब्याकडं मात्र त्यांनी बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी तो आला, पिशवीसकट. दिवाणाखालच्या फळ्या काढून बघितल्या, कपाटामागं हात घालून बघितलं. आज तो कमी बोलत होता. पण बाईंकडं बोलायला पुष्कळ होतं. गवळ्याची गोष्ट त्यांनी आज पुन्हा एकदा रंगवून सांगितली. संध्याकाळी पिराजी पिशवी उचलून खिडकीतून नुसताच रस्त्याकडं बघत उभा राहिला, मग म्हणाला, "बरं बाई," आणि गेला.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याचे हात मोकळे होते.

"आज पिशवी नाही आणलीस?" बाईंनी सहज विचारलं. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल विचारलेला हा त्यांचा पहिलाच प्रश्न असावा.

"आता कशाला बाई? जत्रा झाली की काल."

"कसली जत्रा?"

"आमच्या गावची. गारगोटीच्या म्होरं, लई आत हाय गाव. दिसाला एकच यष्टी. म्हातारी एकटीच असती तिथं. मी दिवाळीला जातो आन् जत्रंला जातो, दोन दिस. एरवी सुट्टीच्या दिवशी बी वखारीत काम असतंय. औंदा चिटणीससायेब म्हणलं, पडताळणी मिटल्याबगार रजा न्हाय. सगळी मिटली, तुमचं एकच ऱ्हायलं हुतं. म्हणून पिशवी घिऊनच येत हुतो. घावलं तर हितनंच यष्टी धरू म्हणलं."

बाई हातातला कप तसाच धरून उभ्या राहिल्या.

"पिशवीत काय होतं?"

"लुगडं हुतं म्हातारीला. आन् तुमची पोळी."

"अरे, मग दोन दिवस बोलला का नाहीस?"

पिराजी रागावला नाही. खरं तेच सांगितलं त्यानं. "तुम्ही बोलत हुता की."

बाईंनी कप खाली ठेवला. पुढं काही विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं, "आई वाट बघत असतील."

"दरसालचं हाय त्ये. यष्टीच्या टायमाला वडाखाली जाऊन बसती. परवा बसली आसंल, काल बसली आसंल. यष्टी गेली की घरी."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. डब्याचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात पिठात घातला आणि पुस्तक ओढून काढलं. पुसायला फडकं होतं, पण त्यांनी पुसलं नाही. तसंच आणून पिराजीच्या पुढं धरलं. सापडलं बघ, असं म्हणण्याची सोय होती. ते त्यांच्या तोंडातून आलं नाही.

पिराजीनं पुस्तक घेतलं. पुठ्ठ्यावर फुंकर मारली, पीठ उडालं. पानांत बघितलं, तिथंही पीठ होतं. मग त्यानं बाईंच्या हाताकडं बघितलं. त्याला कळलं. त्यानं नंबर पुकारला नाही. खिशातून छापील चिठ्ठी काढून मुकाट्यानं नंबर लिहिला.

"जमा करून टाकतो," म्हणाला.

"चहा..."

"नको बाई."

पाच वर्षांत पहिल्यांदा तो चहा न घेता गेला. जिन्यावरचे त्याचे पाय खालपर्यंत ऐकू आले. बाई खुर्चीत बसल्या, हाताला पीठ तसंच होतं. शरमेनं त्यांना रडायलाही येईना. त्या म्हातारीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, नावही माहीत नव्हतं. पण ती वडाखाली कशी बसली असेल हे त्यांना नेमकं माहीत होतं. एक कान रस्त्याकडं. मोटारीचा आवाज आला की पदर सारखा करायचा, आवाज लांब गेला की पुन्हा तसंच बसायचं. हे सगळं बाई स्वतः जिन्याकडं कान लावून करत आल्या होत्या. आणि आपली एक दुपार लांबवायला त्यांनी तिच्या वर्षातले दोन दिवस घेतले होते, जिला मुळात मिळायचेच तेवढे.

बाई दिवाळीपर्यंत वाचनालयाकडं फिरकल्या नाहीत. पाय काढवेना. अक्कानं विचारलं, "पुस्तकं सोडली व्हय बाई?" तर म्हणाल्या, "डोळे दुखतात." भोपाळला पत्र लिहायला बसल्या आणि दोन ओळींवर थांबल्या. हे त्र्यंबकला काय सांगायचं? शेवटी एक दिवस मन घट्ट करून गेल्या. पिराजी स्टुलावर होता. "या बाई," म्हणाला. पुस्तक घेतलं, पुस्तक दिलं. आवाजात राग नव्हता, आणि आणखीही काही नव्हतं. वर 'शांतता राखा' होतंच. बाई पुस्तक घेऊन घरी आल्या. तो हिवाळा त्यांना फार लांब वाटला. खुर्चीत पुन्हा रद्दी साठली.

चैत्र आला, पाटी लागली, जोडकार्ड आलं. आणि बघा काय योग, त्या साली बाईंचा डावा पाय खरंच दुखायला लागला. जुनं मोडलेलं हाड सकाळी ठणकायचं, जमिनीवर टाच टेकवेना. कार्डावर नंबर लिहून टाकलं असतं तर भागत होतं. पण कार्ड टपालातून कधी पोचणार, त्याची चिठ्ठी कधी लागणार, याचा बाईंना भरवसा वाटेना. शेवटी पडताळणी मिटायच्या दिवशी सकाळीच त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि निघाल्या. वाटेत दोन ठिकाणी कुणाच्या ओट्यावर टेकल्या. ओळखीच्या एकानं रिक्षा करून देतो म्हटलं, त्याला नको म्हणाल्या.

वाचनालयाचं बाजूचं दार उघडं होतं. आत चिठ्ठ्यांची सळसळ तेवढी, दुसरा आवाज नाही. आतल्या टेबलाशी दत्तोपंत मान खाली घालून बसलेले. पिराजी दाराजवळच्या टेबलावर चिठ्ठ्या लावत होता. त्याच्या पायाशी ती कापडी पिशवी होती.

बाईंनी पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं. "आधी माझं उरकून घे. माझ्यामुळं तुझी रजा अडायला नको."

पिराजीनं पुस्तकाकडं बघितलं, बाईंच्या पायाकडं बघितलं. चिठ्ठीवर नंबर लिहायला पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. मग 'शांतता राखा'च्या त्या बोर्डाखाली बसूनच त्यानं नंबर पुकारला, पूर्वीसारखा, भिंती दणाणतील असा. दत्तोपंतांनी चष्म्यावरून वर बघितलं.

"हजर," बाई म्हणाल्या.

दत्तोपंत पुन्हा चिठ्ठ्यांत बघू लागले. बाई वळल्या. आता इथं थांबायला काही कारण नव्हतं. त्या पायरी उतरत होत्या तेवढ्यात पिराजी मागून बाहेर आला.

"बाई, थांबा. म्हातारीनं तुम्हास्नी इचारलंय."

"मला?"

"तुमचं पुस्तक घावलं का म्हणून."

बाईंना काही कळेना. पिराजी खांबाला टेकून उभा राहिला. एवढं सलग बोलताना बाईंनी त्याला दुसऱ्यांदाच ऐकलं.

"गेल्या जत्रंला का आला न्हाईस म्हणून दिवाळीत रडाय लागली. मी म्हणलं, एक मास्तरीणबाई हायत, एकट्याच असत्यात, त्यांचं पुस्तक हरवलंय, त्ये हुडकत हुतो. झालं. तवाधरनं तिलाच घोर लागलाय. म्हणती, एकटी बाई, हुडकू लागाय बी कोन न्हाय, काय करत आसंल. गावच्या भावेश्वरीला नारळ बोललीया. बाईंचं पुस्तक घावू दे, नारळ फोडीन. त्यो नारळ तुळईला टांगून ठेवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याकडं निरोप धाडती, घावलं का इचार म्हणून."

"आणि तू सांगितलं नाहीस, सापडलं म्हणून?"

"सांगणार हुतो. पर ती म्होरं इचारणार, कुठं घावलं. म्हातारीम्होरं गोष्ट रचून सांगाय मला जमत न्हाय बाई. आन् खरं सांगाय तुमची पंचाईत. म्हणून अजून घावलं न्हाय म्हणलो." त्यानं मान खाजवली. "औंदा काय सांगू?"

रस्त्यावरून गुळाची बैलगाडी खडखडत गेली.

"तुझ्या आईचं नाव काय रे?"

"बयाबाई."

"बयाबाईंना सांग, सापडलं. नारळ फोडा म्हणावं."

"आन् कुठं घावलं म्हणू?"

बाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. ट्रंकेमागं म्हणता आलं असतं, माळ्यावर म्हणता आलं असतं.

"पिठाच्या डब्यात होतं म्हणून सांग. मीच ठेवलं होतं म्हणावं, तू रोज यावास म्हणून."

पिराजी खांबापासून सरळ झाला. "म्हातारी काय म्हणंल बाई? तिच्याच जत्रंचं दिस हुतं त्ये."

"म्हणतील ते म्हणू देत. पण असं का केलं म्हणून नाही विचारणार त्या."

पिराजीनं आत जाऊन उरलेल्या चिठ्ठ्या दत्तोपंतांपुढं ठेवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि स्टँडच्या दिशेनं निघाला. वळणावर त्यानं एकदा मागं बघितलं. बाई वाचनालयाच्या पायरीवर बसल्या होत्या. घरी लगेच जाण्यासारखं काही नव्हतं, आणि पाय खरोखरच दुखत होता.